अर्धा मार्क

आमच्या घरी वाईनला मार्क मिळायचे. दहापैकी. देणारी मी, आणि त्यावरून भांडणारे आमचे हे.

जन्मभर शाळेत पेपर तपासले मी. हात आखडता म्हणून पापडीपासून पार वसई स्टेशनपर्यंत माझी ख्याती होती. पोरांच्या आया बाजारात भेटल्या की आधी अळूची जुडी माझ्या हातात कोंबायच्या आणि मग हळूच विचारायच्या, "टीचर, गणितात एवढे कमी कसे हो?" मी जुडी परत करायचे आणि सांगायचे, पेपरात जे लिहिलंय त्याचेच मार्क. मग नवऱ्याच्या वाईनलाच काय म्हणून खिरापत वाटायची? लग्नानंतर पहिली काही वर्षं सहा दिले, पुढे सात, आणि मग जे साडेसातावर येऊन थांबले ते थांबलेच. आठ कधी दिले नाहीत. हे दरवर्षी त्या अर्ध्या मार्कासाठी जिवाचं रान करायचे आणि मी दरवर्षी नाही म्हणायचे.

नाताळला आमच्याकडे घरोघरी वाईन होते, त्यात नवल काही नाही. कोणी काळ्या द्राक्षांची करतं, कोणी जांभळाची, कोणी आल्याची. आमच्या घरची पांढरी. फेब्रुवारी संपता संपता नाशिकची हिरवी द्राक्षं स्वस्त झाली की हे एक पेटी खांद्यावर घालून आणायचे. तिची एक वाईन. उन्हाळ्यात मागच्या वाडीतल्या झाडाचे पांढरे जाम उतरायचे, त्यांची दुसरी. जामाच्या वाईनला स्वतःची अशी चव फार नसते, नुसता गुलाबपाण्याचा वास. दोन्ही गाळून, निवळून झाल्या की पावसाच्या तोंडावर एकत्र करायच्या. आणि लोक मनुका घालतात तिथे आमच्याकडे सुकेळी घालायची. घरच्याच राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवून काळपट, चिकट झालेली. मग ते सगळं माजघरातल्या चिनी मातीच्या मोठ्या बरणीत जायचं.

त्या बरणीचा एक नियम होता, माझ्या सासूबाईंच्या वेळेपासूनचा. ती कधी रिकामी करायची नाही. नाताळसाठी काढायची ती वरची. तळाशी जुनी ठेवायचीच, आणि तिच्यावर दरवर्षी नवी ओतायची. म्हणजे त्या बरणीत यंदाची, गेल्या वर्षीची, आमच्या लग्नाच्या वर्षीची, सगळी थोडी थोडी असणार. ती चांगली राहते ती नवीमुळे, असं ह्यांचं म्हणणं. मला ते अजिबात पटायचं नाही. जुनी आहे म्हणून चांगली, असं माझं म्हणणं. त्यावरूनही आमचं वाजायचं. कशावरून वाजायचं नाही ते विचारा.

नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू व्हायच्या आदल्या रविवारी मिस्साहून आलो की चव बघायची. हे माजघरात जाऊन बरणीचं फडकं सोडायचे, छोट्या ग्लासात माझ्यापुरती काढायचे, ग्लास माझ्या हातात द्यायचे आणि बाहेर ओट्यावर जाऊन पाठ करून उभे राहायचे. ओट्यावरून बघण्यासारखं काही नाही, शेजारच्या बिल्डिंगला पाणी घालणारा टँकर दिसतो. पण माझ्या चेहऱ्याकडे त्यांना बघवायचं नाही. ऑफिसात साहेबापुढे कधी न घाबरलेला माणूस तिथे टँकर न्याहाळत उभा असायचा. मीही कमी नव्हते. मुद्दाम वेळ लावायचे.

"किती?" हे पाठमोरेच विचारायचे.

"साडेसात."

"अगं, सुकेळीचा वास बघ की जरा."

"बघितला."

"आणि शेवटाला जी गोडी राहते ती?"

"ती धरूनच साडेसात."

"अर्धा दे गं. अर्ध्या मार्काने काय तुझी शाळा बंद पडणार आहे?"

"मागून मिळत नसतात मार्क."

मग हे आत यायचे, माझ्याच ग्लासातला घोट घ्यायचे, तोंडात घोळवायचे, आणि कधी कधी स्वतःच म्हणायचे, "हं. सातच आहे की ही." तेव्हा मात्र माझं डोकं फिरायचं. साडेसात म्हटलं म्हणजे साडेसात, एक पै कमी नाही. जेवायला बसेपर्यंत मी त्यांच्याच वाईनच्या बाजूने त्यांच्याशी भांडत असायचे. हे सगळं आमच्या घरच्या बोलीत चालायचं. ती मी इथे लिहीत नाही. ती लिहायची नाहीच, बोलायची आहे. आता बोलायला समोर माणूस नाही, त्यामुळे ती माझ्या तोंडात नुसती पडून असते.

हे जानेवारीत गेले, द्राक्षं बाजारात यायच्या आत. छातीत दुखतंय म्हणाले, रिक्षात माझ्या शेजारी बसले, आणि हॉस्पिटल येईपर्यंत संपलं होतं. त्या उन्हाळ्यात जाम झाडाखाली पडून कुजले. पुढच्या दोन उन्हाळ्यांत शेजारपाजारच्यांनी नेले. बरणी माजघरात होती तशीच राहिली, अर्ध्याहून कमी भरलेली. वरचं फडकं ह्यांनी स्वतः बांधलेलं, त्यांच्या त्या आडमुठ्या गाठीचं, जी दुसऱ्या कोणाला सुटायची नाही.

मी ती गाठ सोडली नाही. त्यांचे शर्ट देऊन टाकले, चपला दिल्या, चष्मा मुलगी घेऊन गेली. त्यांच्या हातचं असं घरात त्या बरणीतलं तेवढंच उरलं होतं. आणि रोज तिच्यावरून जाता-येता एकच विचार: आत काय झालं असेल? वाईनच असेल, की आंबून शिरका झाला असेल? शिरका झाला असेल तर ह्यांचं म्हणून काहीच राहिलं नाही. उघडली नाही तोवर दोन्ही शक्य होतं, म्हणून मी उघडत नव्हते. आख्ख्या शाळेला धाकात ठेवणारी बाई मी, एका बरणीला घाबरत होते.

मुलगी मेलबर्नला असते. एकदा व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे तिला बरणी दिसली. म्हणाली, "मम्मी, अजून ठेवलीयेस ती? केव्हाच खराब झाली असेल. ओतून टाक आणि त्यात मनी प्लांट लाव, छान दिसेल."

"तुझ्या डोक्यात लाव," म्हटलं आणि फोन ठेवला. मग दुपारभर रडत बसले. पोरीचं काही चुकलं नव्हतं. तिला बरणी दिसत होती, मला त्यांची पाठमोरी मान दिसत होती, हे तिला तिकडे बसून कसं कळणार?

यंदा मात्र तो रविवार आला आणि मिस्साहून परत येताना मीच स्वतःला दरडावलं, पुरे झालं. घरी आले, साडीही बदलली नाही, थेट माजघरात. गाठ काही केल्या सुटेना. नखं मोडली, शेवटी कात्री घेतली. कापताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. फडकं काढल्याबरोबर वास आला. सुकेळीचा वास. पण त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं, जे पूर्वी नव्हतं.

छोट्या ग्लासात काढली. रंग आता नुसता पिवळा राहिला नव्हता, चहा फिका करावा तसा झाला होता. घोट घेतला. चांगली आहे. दुसरा घोट घेतला. नाही, आंबटलीय. तिसरा घेतला आणि काहीच कळेना. दुपारी जेवल्यावर पुन्हा बघितली, तेव्हा अगदी पूर्वीसारखी लागली. संध्याकाळी बघितली तर थू! चार दिवस हेच. एवढी वर्षं जिच्या जिभेवर घर चालायचं, ती मी, मला धड सहा की आठ ते सांगता येईना.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की एकटीने चव ठरवता येत नाही. मी साडेसात म्हणायचे तेव्हा बाहेर ओट्यावर कोणीतरी आठ म्हणणारं उभं असायचं. त्याच्याशी भांडून भांडून माझं मत पक्कं व्हायचं. आता मी काहीही म्हटलं तरी घरात ते जिथल्या तिथे विरून जायचं. मीठ कमी पडलं तरी, भात करपला तरी, तेच. मला कोणीतरी हवं होतं, जे घोट घेईल आणि तोंडावर सांगेल, चांगली की वाईट. बस, एवढंच हवं होतं. आणि ह्यांची वाईन आहे म्हणून गोड बोलणारं कोणी नको होतं.

त्याच आठवड्यात फादरांचा फोन आला. नाताळच्या आधी चर्चच्या हॉलमध्ये महिला मंडळ घरगुती वाईनची स्पर्धा घेतं, तिच्यात परीक्षक म्हणून या. बाटल्यांवर नावं नसतात, नुसते नंबर. यंदा मुरलेल्या वाईनचा वेगळा गट आहे. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि ओट्यावर येऊन बसले. आणि बसल्या बसल्या मला ती वाट सापडली. परीक्षकाला स्वतःची वाईन ठेवता येत नाही. पण दुसऱ्या कोणीतरी ठेवली तर?

गावातलं कोणी चालणार नव्हतं. अर्ध्या गावाला आमच्या बरणीची माहिती, तासाभरात बोभाटा झाला असता. मग मी शेजारच्या बिल्डिंगमधल्या सातारच्या बाईला गाठलं. ते लोक आधी नालासोपाऱ्याला भाड्याने राहायचे, मग इथे पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. भली बाई आहे. मी तिला केळफूल देते, ती मला गरम भाकरी आणि ठेचा आणून देते आणि मी संपवेपर्यंत समोर बसते. गुरुवारचा उपास करते. तिला मी सरळच विचारलं.

"अगं बाई!" तिने तोंडावर हातच ठेवला. "टीचर, मी आणि दारू?"

"दारू नाही गं, वाईन."

"बाटलीत असते ना? मग दारूच की. आमच्या ह्यांना कळलं तर मला सातारला नेऊन सोडतील."

"त्यांना कशाला कळतंय? फक्त नेऊन द्यायची आणि नंबर घ्यायचा."

"पण तुमचीच आहे तर तुम्ही का नाही देत?"

मी खरं काय ते सांगितलं. ह्यांच्या हातची शेवटची आहे, मला एकटीला काही कळत नाहीये, कोणाच्या तरी तोंडून ऐकायचंय. ती उठली, मेथीची जुडी आणली, माझी बाटली कापडी पिशवीत घातली आणि वर मेथी ठेवली.

"गुरुवारी नाही जाणार हं मी," एवढीच तिची अट.

ती गेली शुक्रवारी. हॉलमध्ये बाटल्या घेणाऱ्या मंडळाच्या बाईने तिला विचारलं, किती वर्षं मुरवलीय? ही घाबरून म्हणाली, "आमच्यात मुरवत नाहीत." मग सावरून म्हणाली, "म्हणजे, जुनी आहे." घरी येऊन मला सांगताना तिला घाम फुटला होता आणि मी किती तरी दिवसांनी पोट धरून हसले. हसू थांबल्यावर मात्र घर जास्तच रिकामं वाटलं. हे ऐकून सगळ्यात मोठ्याने हसले असते ते हेच.

स्पर्धेच्या दिवशी हॉलच्या मागच्या खोलीत आम्ही तिघे परीक्षक. एक मी. दुसरे फादर. फादर सगळ्यांना आठ देतात; नाताळात सगळ्यांच्या घरी तळलेले फुगे खायला जायचं असतं त्यांना, वाकडं घेऊन कसं चालेल? तिसरा माझाच विद्यार्थी. आमच्याच गल्लीतला, आता चांगला तिशीचा, शिकून नाशिककडे एका वाईन कंपनीत चवी बघायची नोकरी करतो. हे काम असतं आणि त्याचा पगार मिळतो, हे आमच्या ह्यांना कळायला हवं होतं.

टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर बाटल्या, बाजूला पावाचे तुकडे आणि पाणी. आणि टेबलाखाली एक बादली. मला वाटलं, फरशी पुसायची राहिली असेल. तर हा विद्यार्थी पहिल्या नंबरचा घोट घेतो, गालात घोळवतो, आणि सरळ त्या बादलीत थुंकतो! मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"टीचर, गिळली तर दहाव्या बाटलीपर्यंत जीभ चालत नाही," तो म्हणाला.

"कोणी तरी उन्हाळाभर राबून केलीय ती," मी म्हटलं.

"म्हणूनच नीट बघायची ना."

माझंच शिकवलेलं कार्टं, त्याला काय बोलणार? लाल वाईनी झाल्या, आल्याची झाली, अननसाची झाली. तो घोट घ्यायचा, थुंकायचा, दोन शब्दांत सांगायचा. साखर जास्त. लवकर गाळलीय. हिला पुढच्या वर्षी ठेवा. बोलणं तुटक, पण एकही शब्द वाया नाही. फादर प्रत्येकीला आठ देत होते. माझं मात्र कशातच लक्ष नव्हतं. मुरलेल्या गटातल्या नऊ नंबरच्या बाटलीवर माझा जीव टांगलेला होता. मेथीचं एक बारीक पान तिच्या गळ्याला चिकटून राहिलं होतं.

नऊ नंबर आला. त्याने ग्लास खिडकीकडे धरला, तिरका केला, वास घेतला. परत वास घेतला. मला ओट्यावर जाऊन पाठ करून उभं राहावंसं वाटलं. खरंच वाटलं. त्या माणसाला दरवर्षी काय होत असेल ते मला तिथे, चर्चच्या मागच्या खोलीत कळलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर कोणाची तरी स्कूटर उभी होती, ती बघत राहिले.

मग मला जाणवलं की बादलीचा आवाज आला नाही. वळून बघितलं तर तो रिकामा ग्लास हातात धरून उभा होता. त्याने गिळली होती.

"द्राक्षं आणि जाम," तो म्हणाला. "आणि सुकेळी आहे यात. सुकेळी कोण घालतं अजून?"

"आठ," फादर म्हणाले.

"तुझे किती?" मी विचारलं.

"सात."

"सातच?"

"टीचर, ही फार सुंदर वाईन होती. होती म्हणतोय मी. आता उतरणीला लागलीय. बघा, तळाला किती तरी वर्षांची जुनी चव आहे, खोल आहे. म्हणजे ज्यांची कोणाची आहे, ते दरवर्षी हिच्यात नवी घालत असणार. आणि मग मध्येच घालायचं थांबले. का थांबले कोण जाणे. अर्ध्या भांड्यात हवा साचली, आणि ती हवा हिला खात चाललीय. शिरका झालेला नाही अजून. पण असाच पुढचा नाताळ काही ही बघणार नाही."

फादर मान खाली घालून पावाचे तुकडे सारखे करत होते. ह्यांना माती देताना तेच होते, आणि दर नाताळला आमच्या घरी ही वाईन प्यायलेही होते. त्यांनी ओळखली की नाही, मला माहीत नाही. ते काही बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आणि मी काय करावं? मी त्या पोराला म्हटलं, "सुकेळीचा वास बघ की जरा."

"बघितला, टीचर."

"आणि शेवटाला जी गोडी राहते ती?"

"ती धरूनच सात."

"अर्धा दे रे. अर्ध्या मार्काने काय तुझी कंपनी बंद पडणार आहे?"

हे मी आमच्या घरच्या बोलीत बोलत होते. माझ्या लक्षातही आलं नाही. तीन वर्षं जी बोली तोंडातून बाहेर पडली नव्हती ती भडाभडा बाहेर पडली, आणि शब्द सगळे ह्यांचे. तो आमच्याच गल्लीतला, त्याला सगळं कळलं. त्याने जरा चमकून माझ्याकडे बघितलं आणि त्याच बोलीत, पण अगदी नम्रपणे म्हणाला, "टीचर, तुम्हीच शिकवलंय. पेपरात जे लिहिलंय त्याचेच मार्क."

सातच दिले त्याने. मी त्याला दोष देत नाही. त्याने साडेसात दिले असते तर माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला असता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मला सर्दी झालीय, नऊ नंबरला मी मार्क देत नाही. फादरांनी लगेच, "बरं बरं, पुढचा नंबर घ्या," म्हणून विषय संपवला.

नऊ नंबरचं काही झालं नाही. बक्षीस गिरीज गावाकडच्या एका बाईच्या जुन्या जांभळाच्या वाईनला मिळालं, आणि ते बरोबरच होतं. सातारची शेजारीण हॉलच्या शेवटच्या रांगेत डोक्यावरून पदर घेऊन बसली होती, चुकून नाव पुकारलं तर पळता यावं म्हणून. नाव पुकारलं नाही तेव्हा मात्र ती फणकारली.

"एवढी काय वाईट होती हो? नंबर देऊन टाकायचा की एक."

"वाईट नव्हती गं. सात मिळाले."

"मग काय म्हणाला तो?"

"म्हणाला, नुसती ठेवून दिली म्हणून उतरली. दरवर्षी नवी घालायला पाहिजे होती."

"हात्तिच्या! दह्याचं पण तसंच असतं की," ती म्हणाली आणि रिक्षा शोधायला लागली.

म्हणजे हे बरोबर होते. बरणी नवीमुळे चांगली राहते. इतकी वर्षं मी त्यांच्याशी ज्या मुद्द्यावर भांडले त्यात मी सपशेल हरले होते, आणि ते ऐकायला ते नव्हते. जिंकल्यावर त्यांचा चेहरा कसा दिसला असता? मला रिक्षात बसून सारखं तेच वाटत होतं.

नाताळच्या दिवशी सकाळी मिस्साला गेले, सगळ्यांना हॅपी ख्रिसमस म्हणून झालं. घरोघरी गर्दी होती. मलाही चार ठिकाणी जेवायला बोलावलं होतं, कुठेच गेले नाही. मुलीचा फोन आला, नातवंडांनी इंग्रजीत गाणं म्हणून दाखवलं, मी टाळ्या वाजवल्या. तिला म्हटलं, बरणीत मनी प्लांट लावणार नाही, फेब्रुवारीत द्राक्षं आणणार आहे. ती म्हणाली, "मम्मी, एकटीसाठी कशाला एवढा त्रास?" मी म्हटलं, एकटीच आहे, दुसरं कामच काय आहे मला?

दुपार कलल्यावर माजघरात गेले. बरणीत जेवढी होती तेवढीतली तळाची चार-सहा बोटं वेगळी ठेवली, बरणी स्वच्छ केली आणि ती परत आत ओतली. ती राहील पुढच्या पावसापर्यंत. तशी राहावी म्हणून तोंडापर्यंत भरलेल्या छोट्या बरणीत ठेवणं बरं, हे त्या विद्यार्थ्याला मी फोन करून विचारून घेतलं होतं, म्हणून मग पुन्हा काढून लोणच्याच्या एका धुतलेल्या बरणीत काठोकाठ भरली. असा माझा घोळ. वर कोरं फडकं बांधलं. गाठ माझी, साधी, कोणालाही सुटेल अशी. पावसाच्या तोंडावर ती नवीच्या खाली जाईल.

वरची जी उरली तिच्यातली छोट्या ग्लासात ओतली आणि बाहेर ओट्यावर येऊन बसले. समोर टँकर उभा होता. नाताळ असो की काही असो, त्या बिल्डिंगला पाणी लागतंच. मी वास घेतला, घोट घेतला, आणि यंदा पहिल्यांदा मला नीट कळलं. सुकेळी होती. जाम जवळपास गेलेला होता. मागून तो आंबटपणा होता, पोरगा म्हणाला तसाच. शेवटाला गोडी राहत होती, थोडी, पण राहत होती.

"साडेसात," मी मोठ्याने म्हटलं. घरच्या बोलीत.

थांबले. नेहमीसारखा मुद्दाम वेळ लावला. टँकरवाल्याने पाइप गुंडाळला आणि तो निघून गेला. कोणी सुकेळीचा वास बघ म्हणालं नाही. कोणी शाळा बंद पडेल का म्हणून विचारलं नाही.

"बरं, घ्या," मी म्हटलं. "घ्या अर्धा. आठ."